स्तनातील गाठ : भीती, लज्जा आणि तपासणी

या स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे विद्यालयाच्या इतिहासावर लेख मागितला होता. इतिहास हा आमचा अध्यापनाचा विषय असल्याने नकार देण्यास कारण नव्हते. तरीही मंडळाच्या अनुमतीने आम्ही निराळा विषय घेतला आहे. गेल्या सहा वर्षांत आपल्या वसतिगृहातील दोन मुलींनी स्तनाच्या कर्करोगात आपली आई गमावली आणि तिसरीची आई आज उपचार घेत आहे. तिन्ही घरांत, गाठ प्रथम हाताला लागली तो दिवस आणि डॉक्टरांच्या दारात पाऊल पडले तो दिवस, यांत वर्षाहून अधिक अंतर होते. याच काळात इयत्ता नववीतील एका मुलीने छातीत गाठ लागल्यावर तीन आठवडे अन्न जवळजवळ टाकले होते. आपण आता जगत नाही, असे तिने मनाशी धरले होते. तिची गाठ पूर्णतः निरुपद्रवी निघाली. एकीकडे नको तितकी निश्चिंती आणि दुसरीकडे नको तितकी धास्ती. दोहोंचे मूळ एकच आहे. गाठ ओळखली कशी जाते, हे आपल्या समाजात फारसे कोणाला ठाऊक नाही.

आम्ही वैद्यकीय व्यवसायातील नाही. पालकांसोबत अमरावती, अकोला आणि नागपूर येथील रुग्णालयांच्या रांगांत उभे राहताना डॉक्टरांना जे विचारले, आणि नंतर जे वाचून पडताळले, तेवढेच येथे मांडत आहोत.

ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने पर्शियाची राणी अटोसा हिची हकिगत नोंदवून ठेवली आहे. सम्राट दरायसची ही पत्नी. काळ तथागतांच्या काळाच्या आसपासचा. तिच्या स्तनावर एक सूज आली. ती लहान होती तोवर राणीने लज्जेपोटी कोणालाही सांगितले नाही. पुढे ती फुटून पसरू लागली, तेव्हा डेमोसिडीझ नावाच्या ग्रीक वैद्याला तिने बोलावले आणि त्याने ती बरी केली. ही हकिगत वर्गात सांगताना आम्हांला दोन गोष्टी नेहमी जाणवतात. पहिली अशी की, साम्राज्याच्या राणीलाही जी लाज आडवी आली, तीच अडीच हजार वर्षांनंतर दर्यापूर किंवा बार्शीटाकळी तालुक्यातील शेतमजूर स्त्रीला आडवी येते. दुसरी अशी की, अटोसाची ती व्याधी कर्करोग होती की साधे गळू, हे आज कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. हेरोडोटसने बाह्य वर्णन केले आहे, आणि स्तनाच्या व्याधीचा निर्णय केवळ बाह्य वर्णनावरून होत नाही.

लज्जेविषयी आणखी एक उल्लेख येथे केला पाहिजे, कारण तो आपल्या अमरावतीचा आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. तिचे अध्यक्षस्थान अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांनी भूषविले होते. त्यांनी त्या व्यासपीठावरून संततिनियमनासारखा विषय हजारो स्त्रियांसमोर उघडपणे मांडला. स्त्रीच्या शरीराविषयी भर सभेत बोलण्याची परंपरा या भूमीत ऐंशी वर्षांपूर्वीच निर्माण झालेली आहे. तेव्हा आजच्या पालक मेळाव्यात ‘स्तन’ हा शब्द उच्चारताना खाली मान घालण्याचे काहीएक कारण नाही.

आता मूळ विषयाकडे येऊ. स्तन म्हणजे दूध निर्माण करणाऱ्या ग्रंथी, ते दूध वाहून नेणाऱ्या नलिका, आणि त्यांच्याभोवतीची चरबी व तंतुमय पेशीजाल. मासिक पाळी, गर्भारपण, स्तनपान आणि पाळी जाणे या प्रत्येक टप्प्यावर त्यात बदल होत असतात. त्यामुळे स्तनात काहीतरी हाताला लागणे ही विरळा घटना नव्हे. सर्वसाधारणपणे दहा गाठींपैकी आठ-नऊ गाठी कर्करोगाच्या नसतात. हे वाक्य वाचकांनी प्रथम मनात ठेवावे, पण त्याच्या आधारावर घरी बसू नये. उरलेली एक गाठ कोणाची, हे घरबसल्या समजत नाही.

निरुपद्रवी गाठींमध्ये तरुण मुलींत सर्वाधिक आढळणारी म्हणजे फायब्रोअॅडिनोमा. साधारणतः पंधरा ते पस्तीस या वयात ती दिसते. गुळगुळीत, रबरासारखी, आणि बोटाखालून निसटणारी. डॉक्टर तिला गमतीने ‘स्तनातला उंदीर’ म्हणतात. आमच्या नववीतील मुलीची गाठ हीच होती. सोनोग्राफी झाली, सुईने तपासणी झाली, आणि सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा असे सांगून डॉक्टरांनी तिला परत पाठविले. अशी गाठ मोठी होत गेली अथवा फार मोठी असली तरच काढतात. पस्तीस ते पन्नास या वयात पाण्याच्या गाठी, म्हणजे सिस्ट, अधिक दिसतात. सुईने पाणी काढले की बहुधा त्या बसतात. पाळीच्या अगोदर दोन्ही स्तन जड होणे, दुखणे, दाणेदार लागणे आणि पाळीनंतर ते ओसरणे, हा अंतःस्रावांचा परिणाम होय. बाळाला पाजणाऱ्या मातेस ताप येऊन स्तन लाल व गरम झाला तर तो बहुधा जंतुसंसर्ग असतो. मार लागल्यानंतर चरबी गोठूनही कठीण गाठ होते. आपल्या देशात क्षयरोगही स्तनात गाठ निर्माण करतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

कर्करोगाची गाठ बहुधा कठीण, कडा ओबडधोबड आणि आजूबाजूला चिकटलेली असते. तिच्यावरील त्वचेला खळी पडते, किंवा त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसते. पूर्वी सरळ असलेले बोंड अलीकडे आत ओढले जाते. बोंडावर खरजेसारखी न भरणारी जखम होते. एकाच बाजूच्या एकाच छिद्रातून आपोआप रक्तमिश्रित स्राव येतो. काखेत गाठ लागते. आम्ही ‘बहुधा’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. काही कर्करोग स्पर्शाला अगदी फायब्रोअॅडिनोमासारखे गुळगुळीत लागतात. काही तर गाठ न होता संपूर्ण स्तन लाल, सुजलेला व गरम करतात आणि गळू समजून महिनोन्‌महिने त्यांवर प्रतिजैविके दिली जातात. म्हणून आठ-पंधरा दिवसांच्या औषधाने न उतरणारी सूज पुढच्या तपासणीस गेलीच पाहिजे. घरात कोणाला हा रोग नव्हता म्हणून आपल्याला होणार नाही, हाही गैरसमजच; हा रोग झालेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या कुटुंबात तो पूर्वी कोणाला झालेला नसतो. पुरुषांनाही तो होतो, शंभर रुग्णांत सुमारे एक या प्रमाणात.

सर्वांत घातक गैरसमज मात्र वेदनेविषयीचा आहे. ज्या मातेवर आज उपचार सुरू आहेत तिला आम्ही विचारले होते की, दोन दिवाळ्या का जाऊ दिल्या. त्यावर तिचे उत्तर होते, “दुखेच नाही, मंग कायले दाखवाव म्हनलं, म्याडम. अन् वेचाईचे दिवस होते.” रोजीवर जगणाऱ्या घरात जे दुखते तेच आजार म्हणून गणले जाते, कारण जे दुखत नाही त्यासाठी मजुरी बुडविणे परवडत नाही. हा तिचा अडाणीपणा नव्हे. तिच्या परिस्थितीचा तो हिशोब आहे. परंतु या एका रोगाच्या बाबतीत तो हिशोब नेमका उलटा पडतो. केवळ दुखणे हे कर्करोगाचे लक्षण क्वचितच असते. सुरुवातीची कर्करोगाची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही. दुखऱ्या, निरुपद्रवी गाठी दवाखान्यात पोहोचतात आणि न दुखणाऱ्या घरी राहतात. शेजारीण म्हणते, दुधाची गाठ आहे, विरेल. कोणी एरंडाचे पान बांधते, कोणी हळदीचा लेप लावते. पाळी जाऊन पाच वर्षे झालेल्या स्त्रीच्या छातीत दूध कोठून गोठणार, हे विचारणारे घरात कोणी नसते. ऐकीव म्हणून, परंपरागत म्हणून किंवा कोणी मोठे सांगते म्हणून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. आपल्या घराघरांत ते सूत्र ठाऊक आहे. ते दुधाच्या गाठीलाही लागू करावयास हवे.

मग निर्णय होतो कसा? वैद्यकात त्यासाठी त्रिविध तपासणी रूढ आहे. पहिली डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणी. यात आधी विचारणा होते : वय काय, गाठ केव्हापासून, पाळीबरोबर कमी-जास्त होते का, स्तनपान झाले का, घरात कोणाला होते का. नंतर स्त्रीला बसवून, हात वर करावयास लावून, कमरेवर दाबावयास लावून दोन्ही स्तनांची तुलना करतात. मग निजवून बोटांच्या सपाट भागाने सर्व भाग, काखा आणि गळ्याच्या हाडावरील जागा तपासतात. नुसते कपड्यावरून हात लावून ‘काही नाही’ असे कोणी म्हटले, तर ती तपासणी झाली असे समजू नये. महिला डॉक्टर अथवा परिचारिका उपस्थित असावी, अशी मागणी करण्याचा अधिकार प्रत्येक स्त्रीला आहे.

दुसरी प्रतिमा-तपासणी. तरुण वयात स्तनाचे पेशीजाल दाट असते. मॅमोग्राफीच्या चित्रात ते पांढरे दिसते, गाठही पांढरीच दिसते, म्हणून तेथे सोनोग्राफी अधिक उपयोगी. चाळिशीनंतर मॅमोग्राफी, आणि बहुधा जोडीला सोनोग्राफी. अहवालावर ‘बायरॅड्स’ असा शब्द व त्यापुढे शून्य ते सहा यांपैकी आकडा असतो. हा आकडा रोगाची अवस्था नव्हे. पालक तो वाचून घाबरतात म्हणून स्पष्ट करतो : एक म्हणजे काही आढळले नाही, दोन म्हणजे निरुपद्रवी, तीन म्हणजे बहुतांशी निरुपद्रवी (धोका शंभरात दोनपेक्षा कमी) पण सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे, चार म्हणजे संशय आहे आणि तुकडा तपासावा, पाच म्हणजे कर्करोगाची दाट शक्यता. सहा हा आकडा निदान आधीच सिद्ध झालेल्यांसाठी आहे. शून्याचा अर्थ ‘काही नाही’ असा नसून, माहिती अपुरी असून आणखी चित्रे हवीत, असा आहे.

तिसरी पेशींची तपासणी. बारीक सुईने काही पेशी खेचून काचेवर पाहतात, ती एफएनएसी. जाड सुईने दोऱ्यासारखा तुकडा काढतात, ती कोअर बायोप्सी. आज दुसरीला अधिक महत्त्व आहे, कारण पेशींची मांडणी तिच्यात कळते आणि पुढे कोणते औषध लागू पडेल हे ठरविणाऱ्या ईआर, पीआर व हर-टू या चाचण्या त्याच तुकड्यावर होतात. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही समजूत वऱ्हाडात खोलवर रुजलेली आहे. तिला आधार नाही. सुईच्या भीतीने जे महिने जातात, त्या महिन्यांत मात्र रोग निश्चित पसरतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही पद्धत अपरिचित वाटू नये. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली आणि ‘देवानंपिय पियदसि’ हा राजा समोर आला. तो कोण? प्रारंभी प्रिन्सेपला तो सिंहलद्वीपाचा राजा वाटला. जॉर्ज टर्नरने सिंहली बौद्ध ग्रंथांच्या आधारे तो अशोक असल्याचे दाखविले. पुढे १९१५ मध्ये मस्की येथील शिलालेखात ‘अशोक’ हे नावच कोरलेले सापडले आणि शंकेला जागा उरली नाही. एका पुराव्याने घाईचा निष्कर्ष निघतो, पण स्वतंत्र पुरावे एकमेकांशी जुळले की तो निष्कर्ष टिकतो. स्तनाच्या गाठीबाबतही हात, चित्र आणि पेशी या तिन्ही साक्षी निरुपद्रवी म्हणत असतील, तर कर्करोग असण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी उरते आणि निर्धास्त व्हावे. तिघींपैकी एकीचीही साक्ष जुळत नसेल, उदाहरणार्थ हाताला गाठ कठीण व चिकटलेली लागते पण सुईच्या अहवालात काही नाही, तर प्रकरण मिटलेले नसते. पुन्हा तुकडा घ्यावा लागतो किंवा गाठ काढून तपासावी लागते. एका ‘नॉर्मल’ कागदावर समाधान मानून परतलेल्या स्त्रिया आम्ही पाहिल्या आहेत.

भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाल्याचा आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. हे प्रमाण इतके भयंकर असण्यामागे उशीर हे मोठे कारण आहे. देशातील कर्करोग नोंदणी केंद्रांच्या माहितीनुसार रोग स्तनापुरता मर्यादित असताना निदान झाले तर पाच वर्षांनंतर सुमारे ८१ टक्के स्त्रिया जिवंत असतात. काखेपर्यंत गेला असेल तर ६५ टक्के. दूरच्या अवयवांत पोहोचला असेल तर केवळ १८ टक्के.

येथे मुंबईतील एका कार्याची माहिती द्यावीशी वाटते. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, नुसत्या हाताने स्तनतपासणी करीत. यंत्र नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरही नव्हेत. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या वस्त्यांत वाढलेल्या अवस्थेतील रोगाचे प्रमाण ४७ वरून ३७ टक्क्यांवर आले, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीखालील स्त्रियांत मात्र मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. उलटपक्षी चीनमधील शांघाय येथे २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांच्या अभ्यासात, स्वतःची स्तनतपासणी शिकविल्याने मृत्यू घटले नाहीत. म्हणून केवळ घरच्या चाचपणीवर विसंबणे पुरेसे नाही. आपला स्तन एरवी कसा असतो हे प्रत्येक स्त्रीने ओळखावे आणि बदल दिसला की प्रशिक्षित हातांकडे जावे.

ते हात आज गावाजवळ आहेत. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तिशीपुढील प्रत्येक स्त्रीची स्तन, गर्भाशयमुख आणि मुख यांची तपासणी आरोग्य केंद्रात व्हावयाची असते. आशाताई घरी येऊन जो अर्ज भरतात तो यासाठीच. ‘मले काही नाही झालं’ म्हणून त्यांना परत पाठवू नये. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. पुढील तपासणीसाठी अमरावतीकरांना इर्विन किंवा डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, अकोलेकरांना सर्वोपचार रुग्णालय, आणि कर्करोग सिद्ध झाल्यास नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय ही ठिकाणे आहेत. शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट आहेत. ही योजना २०१२ मध्ये राज्यात प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत अमरावती होता. तरीही शिधापत्रिकेतील नाव आणि आधारवरील नाव जुळत नाही म्हणून अडलेले पालक दरवर्षी आमच्याकडे येतात. कार्यालयातून लागेल तो दाखला विद्यालय देते, निःसंकोच मागावा.

टाटा रुग्णालयात जाण्याची वेळ आलीच तर मुंबईत राहावयाचे कोठे, हा पहिला प्रश्न असतो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे आणि टाटा रुग्णालयातील रुग्ण व नातेवाईक तेथे उतरतात. शेंडगावच्या या महापुरुषाने स्वतः निवाऱ्याशिवाय राहून इतरांसाठी धर्मशाळा बांधल्या, पंढरपूरची आपली धर्मशाळा बाबासाहेबांच्या शिक्षण संस्थेला दिली, आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाच दिवसांनी वलगावजवळ देह ठेवला. अमरावतीहून रात्रीच्या अंबा एक्सप्रेसने निघालेल्या आपल्या माणसांना दादरला आपल्याच जिल्ह्याचा माणूस आसरा देतो, असे आम्हांला त्या धर्मशाळेच्या पायरीवर वाटले होते.

जाताना जुने सर्व अहवाल, मॅमोग्राफीचे चित्र आणि बायोप्सी झाली असल्यास तिच्या काचपट्ट्या व मेणाचे ठोकळे सोबत न्यावेत. प्रयोगशाळेकडे ते मागता येतात आणि मोठ्या रुग्णालयात ते पुन्हा तपासले जातात. याहून महत्त्वाची सूचना त्याआधीची आहे. कोणत्याही दवाखान्यात गाठ काढली गेली, तर ती प्रयोगशाळेत पाठविली का, असे त्याच दिवशी विचारावे आणि अहवाल हातात घ्यावा. खरे तर सुईची तपासणी झाल्याशिवाय गाठ काढूच देऊ नये. वर जिचा उल्लेख केला, त्या मातेची गाठ तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात भूल देऊन काढण्यात आली होती. चार टाके पडले, ‘साधी गाठ होती’ असे सांगण्यात आले आणि ती गाठ फेकून देण्यात आली. आठ महिन्यांनी त्याच जागी पुन्हा गाठ आली, काखेतही आली. नागपूरला डॉक्टरांनी पहिल्या गाठीचा अहवाल मागितला, तेव्हा तिच्याजवळ दवाखान्याची पैशांची पावती तेवढी होती. सध्या तिच्या केमोथेरपीच्या सहा फेऱ्या पूर्ण झाल्या असून शस्त्रक्रिया व्हावयाची आहे. मुलगी यंदा दहावीला आहे.